रोमचे देव मुशीत गेले

न्हावाशेव्याचे कंटेनर जासईवरून जातात. त्या बंदरासमोरच घारापुरीचे बेट आहे आणि तेथे रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. व्यापार होता, यात शंका नाही. मग रोमची चांदी कुठे गेली?

तमिळनाडूत, विशेषतः कोइमतूरच्या परिसरात, ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या डिनेरियस नाण्यांचे साठेच्या साठे मिळाले. टायबेरियसच्या नाण्यावर हाती राजदंड व फांदी घेऊन बसलेली स्त्री आहे; ती शांतिदेवता की राजमाता लिव्हिया, हा वाद आजही चालू आहे. पश्चिम दख्खनमध्ये मात्र अशी नाणी विरळच.

पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचे एक कारण दडलेले आहे. कल्याणला आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, आणि तेथे रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलली की नफा होई. तेथील राजा बहुधा क्षहरात नहपान. त्याची चांदीची नाणी रोमन नाणी वितळवून पाडली, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे, आणि तो पटण्याजोगा आहे. रोमचे देव येथे पूज्य नव्हते. ते वजनाने मोजायचा माल होते.

नहपानाच्या नाण्यावर एका बाजूस राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरे. पण त्या अक्षरांतली भाषा प्राकृत! दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख. ग्रीक परंपरेत वज्र झ्यूसचे. नाशिकच्या बाजारात ते पाहणाऱ्याला मात्र इंद्रच आठवला असेल. त्यावरून 'ग्रीक देव महाराष्ट्रात पुजले जात' असे ठोकून देणे हा निव्वळ उतावीळपणा.

गौतमीपुत्र सातकर्णीने हीच नाणी जिंकली. वितळवली मात्र नाहीत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा ठसा आहे आणि त्याखालून नहपानाचा चेहरा डोकावतो. विजेता आणि पराभूत एकाच रुपेरी तुकड्यावर!

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तरीही जुनी चांदी थेट सराफाच्या काट्यावर नेणारे आहेतच. जोगळटेंभीचा साठा तसाच आटवला गेला असता, तर क्षहरात वंश निःशेष केल्याच्या, नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात कोरलेल्या दाव्याचा सर्वांत ठळक पुरावा एखाद्या पैंजणात विरघळून गेला असता.