परीक्षा एकट्या आईचीच?

परवा श्रीधर रंगायन यांचा 'इव्हनिंग शॅडोज' पाहिला. सिनेमा २०१८चा, मी आत्ता पाहिला. असो! मुंबईत राहणारा कार्तिक गावी येतो. घरात त्याच्या लग्नाची घाई. शेवटी तो आईला सांगून टाकतो, मी समलिंगी आहे. मोना आंबेगावकर यांनी ही आई, वसुधा, इतकी खरी केली आहे की मला मधेच उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

कारण माझ्याही मुलानं मला हेच सांगितलं होतं. (त्याला विचारूनच लिहितेय.) आणि मी काय केलं? वर्षभर त्याच्यासाठी स्थळं बघत राहिले. लग्न झालं की ताळ्यावर येईल म्हणे! कुणाच्या तरी लेकीच्या आयुष्याचं वाटोळं करायला निघाले होते मी. त्याची लाज अजून वाटते.

पण मंडळी, आज भांडायचंय ते तुमच्याशी. सिनेमाचा विषय निघाला तेव्हा नात्यातल्या एकजणी म्हणाल्या, "शेवटी आईचंच काळीज गं!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. तेव्हा "तुझ्याच लाडानं बिघडला" म्हणणारेच आज माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करतात. म्हणजे दोषही आईचा आणि मोठेपणाही आईचाच. बाकीच्यांनी काय करायचं? नुसतं बघायचं? सिनेमातही वसुधाला खरी धास्ती आहे ती नवऱ्याची आणि लोकांची.

जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता १९९० सालीच आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध ३७७ कलमातून बाहेर काढले. २०२३मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला. म्हणजे उद्या माझ्यामागे त्या दोघांना कायद्याच्या नात्याचा आधार नाही. असलाच तर तुमचाच.

शाहू महाराज आपल्या कसबा बावड्यात जन्मले, हे आपण पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. १९०२ साली त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखल्या. त्या काय "लोक काय म्हणतील" हे विचारून?

तेव्हा माझं कौतुक पुरे झालं. येत्या गणपतीत त्याला जेवायला बोलवा. जोडीदारासह बोलवा. आणि "लग्न कधी?" असं कुणी काकांनी विचारलंच, तर मी तोंड उघडायच्या आधी तुम्ही उघडा.