माल खरा दाखवील तोच कॅमेरा

न्हावा शेवा बंदर 1989 साली सुरू झाले तेव्हा परदेशी ग्राहकाला कापडाचा नमुना टपालाने जात असे. तो नमुना हातात घेऊन, चुरगाळून, उन्हात धरून पाहिल्यावरच ऑर्डर येई. आज सौदा फोटोवर होतो. भिवंडीच्या यंत्रमागावरचे कापड किंवा सोलापूरचे टॉवेल द्रोणागिरीच्या गोदामात पोचण्याआधीच त्यांचे फोटो समुद्रापार गेलेले असतात. गज आणि तराजू यांच्याप्रमाणे कॅमेरा हेही आता आमचे एक माप झाले आहे. गज आम्ही पारखून घेतो, कॅमेरा मात्र जाहिरात पाहून घेतो.

याची किंमत आम्ही मोजली आहे. आखाती देशातील एका व्यापाऱ्याला मोरपंखी रंगाचे सुती कापड आम्ही मोबाइलवर फोटो काढून दाखवले. मोबाइलने रंग आपणहून गडद आणि झळझळीत केला होता. हे आमच्या लक्षात आले नव्हते असे नाही. लक्षात आले होते, आणि ते आम्हाला आवडलेही होते. कंटेनर उघडल्यावर तो व्यापारी म्हणाला, हे ते कापड नव्हे. भावात सूट देऊन प्रकरण मिटवले, पण त्याची दुसरी ऑर्डर आली नाही. दोष त्याचा नव्हता.

हनफी फिकहप्रमाणे न पाहता घेतलेला माल पाहिल्यावर सौदा ठेवायचा की मोडायचा, हा हक्क खरेदीदाराला असतो. त्याला 'खियार-ए-रुयत' म्हणतात. मालात ऐब निघाला तर त्यासाठी 'खियार-ए-ऐब' वेगळा आहे. ग्राहक आमच्या फोटोवर विसंबून पैसे पाठवतो, तेव्हा त्याची नजर आमच्याकडे अमानत असते. म्हणून आमचे मत असे की, व्यापाऱ्याने कॅमेरा निवडताना पहिला प्रश्न एकच विचारावा : हा कॅमेरा माझे कापड जसे आहे तसे दाखवील काय?

दुकानदार प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगेल. त्याला भुलू नये. ए-फोर आकाराचे पान उत्तम छापण्यासाठी साधारण 2480 गुणिले 3508 ठिपके लागतात, म्हणजे 9 मेगापिक्सेलही नाहीत. 12 मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही कॅटलॉगला पुरतो. त्यापेक्षा सेन्सर केवढा आहे ते विचारावे. 'फुल फ्रेम' सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो आणि 'एपीएस-सी' साधारण 23 बाय 15 चा. मोबाइलचा सेन्सर याहून पुष्कळ लहान असतो.

रंगाची गोष्ट तर फारच कमी लोकांना ठाऊक आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग टिपतो. निम्मे ठिपके हिरवा, पाव लाल आणि पाव निळा. बाकीचे रंग कॅमेरा हिशेबाने भरतो. हा हिशेब कोणत्या उजेडावर बेतायचा, हे सांगण्याची सोय म्हणजे 'व्हाइट बॅलन्स'. ही सोय हाताने लावता आली पाहिजे. स्वस्त कॅमेऱ्यात ती नसेल तर तो कापडवाल्याच्या कामाचा नाही. 'रॉ' फाइल मिळत असेल तर अधिक चांगले, कारण रंग नंतरही दुरुस्त करता येतो.

दुसरी अडचण बारीक चौकडा आणि टेरीकॉटच्या विणीची. धाग्यांची जाळी आणि सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी एकमेकींत अडकली की कापडावर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा दिसतात. त्या कापडात नसतात, पण ग्राहकाला वाटते की विणण्यात दोष आहे. अंतर किंवा कोन थोडा बदलला की बहुधा त्या जातात. म्हणून दुकानात जाताना स्वतःचे तीन कापड बरोबर न्यावे : एक गडद, एक फिकट, एक बारीक चौकड्याचे. दाराशी दिवसाच्या उजेडात, शेजारी करडे कार्ड ठेवून फोटो काढावा आणि संगणकाच्या पडद्यावर कापड शेजारी धरून पाहावे. ट्यूबलाइट आणि ऊन एकत्र असेल तेथे कोणताही कॅमेरा फसतो. आमचा सल्ला असा की निम्मी रक्कम कॅमेऱ्यावर घालावी आणि उरलेली लेन्स, स्टँड व दोन चांगल्या दिव्यांवर.

कंटेनर भरतानाचे फोटो हे काम वेगळे. तेथे पुराव्याला महत्त्व आहे आणि त्याला मोबाइल पुरेसा आहे. रिकामा कंटेनर, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला, बंद दार, 4 अक्षरे व 7 आकड्यांचा नंबर आणि सील, एवढे फोटो तारीख-वेळेसह ठेवावेत. पावसाळ्यात गठ्ठे भिजले तर विम्याच्या दाव्याला तेच उपयोगी पडतात. हे सर्व गोदामातच उरकावे. बंदराच्या हद्दीत परवानगीशिवाय फोटो काढू नयेत. रिकाम्या कंटेनरमध्ये उभे राहून दार लावून घेतले की छिद्र असल्यास उजेडाची तिरीप आत येते. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या खोलीतील अशाच छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. कॅमेऱ्याचे मूळ तेथे आहे, आणि आमची मुले ते नाव विसरत आहेत.

खरेदीसाठी मुंबईत फोर्टचा बोरा बाजार आहे. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू आणि उरणची रेल्वे सुरू झाल्यापासून तेथे जाणे सोपे झाले आहे. जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही, फक्त शटर किती वेळा उघडले आहे ते तपासावे. नवा घेतल्यास बिलाशिवाय घेऊ नये. बिल नाही तर वॉरंटी नाही, आणि 18 टक्के जीएसटीचे क्रेडिट मिळण्यासारखे असेल तर तेही बुडते.

बंधूंनो, आम्ही आता कापडाचा फोटो पाठवताना खाली एक ओळ लिहितो : 'उजेडानुसार रंगात थोडा फरक पडतो, मागणी असल्यास तुकडा पाठवू.' या ओळीमुळे काही सौदे लांबतात. पण जो सौदा होतो, त्यात माल उघडताना धाकधूक राहत नाही. बरकत म्हणतात ती हीच असावी.