राजकारण नको म्हणणारे साहित्य कोणाचे?



साहित्यात राजकारण आणू नका, असे शहाणी माणसे सांगतात. हिरव्या रानावर लिहा, पाखरांवर लिहा. भाव आणि कर्ज आले की तो म्हणे प्रचार! त्यांच्या कवितेतले रान कायम हिरवे असते. तिथे पऱ्हाटी लाल पडत नाही, वेचणारीच्या बोटांतून रक्त येत नाही. हेही राजकारणच आहे. फक्त ते पोट भरलेल्याच्या सोयीचे आहे.

जोतिबा फुल्यांनी हे केव्हाच ओळखले. १८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरली. महादेव गोविंद रानड्यांचे बोलावणे आले. जोतिबांनी पत्रानेच नकार कळवला. माणसाला माणसाचे हक्क द्यायला जे तयार नाहीत, त्यांच्या सभेशी आमचा मेळ बसायचा नाही, असा त्या पत्राचा रोख होता.

नुसता नकार देऊन ते थांबले नाहीत. त्याआधी, १८८३ सालीच, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला होता. त्यात हताश शेतकऱ्याची कहाणी आहे, त्याच्या घरादाराचे चित्र आहे. तेच पुस्तक साऱ्याचा आणि कचेरीतल्या लुटीचा जाब मागते. वावरातली माती वाहून जाऊ नये, पाणी मुरावे म्हणून ताली-बंधारे घाला, त्या कामाला सरकारचे शिपाई लावा, असेही सांगते. कोरडवाहूवाल्याला याहून जवळचे साहित्य कोणते? ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापुढे जोतिबांनी ते गावोगाव वाचून दाखवले.

आता कडू गोष्ट. हा असूड 'दीनबंधू'त छापायला सुरुवात झाली आणि पुढची प्रकरणे छापायची राहिली. 'दीनबंधू' हे पत्र परक्यांचे नव्हते, सत्यशोधकांचेच होते! म्हणजे खऱ्या लेखणीची भीती सरकारलाच वाटते असे नाही, आपल्या माणसांनाही वाटते.

हा धडा या पत्रकालाही लागू आहे. आमची स्तुती लिहून पाठवू नका. कापसाची पट्टी समोर ठेवा, मजुरी, बियाणे, फवारणी मांडा, घरात काय उरले ते लिहा. मायबहिणींनी सांगावे, शिकलेल्या पोरीने उतरून घ्यावे. आमचे चुकले असेल तर तेही लिहा. ते छापायची हिंमत आमच्यात नसेल, तर भर बैठकीत उभे राहून वाचा.

असूड जोतिबांनी वळून ठेवला आहे. तो खुंटीला टांगून त्याची पूजा करायची, की हातात घ्यायचा?