ओळंबा, पाणसळ आणि कॉम्प्युटर

मुलामुलींनो, तुमच्यापैकी जे पिंपरी-चिंचवडकडे राहतात त्यांना ताथवडे ठाऊक असेलच. मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून असलेलं हे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. त्याआधी इथं शेतं होती. पशुसंवर्धन खात्याचं वळूमाता प्रक्षेत्रही इथलंच. आता मात्र कुठल्याही दिशेला तोंड करून उभे राहा, एखादी तरी उंच क्रेन दिसणारच. आज इथं शिकायला येणाऱ्यांचीही गर्दी असते, कारण राजर्षी शाहू अभियांत्रिकी महाविद्यालय याच गावात आहे.

या क्रेनकडे बघताना एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. एवढी मोठी इमारत उभी राहते, तिथं कुठली वस्तू नेमकी कुठं बसवायची, हे सगळं कुणाच्या डोक्यात असतं?

खरं सांगायचं तर एकाच्या डोक्यात नसतंच! खोल्या कुठं आणि खिडक्या कुठं, ते आर्किटेक्ट ठरवतात. खांब आणि तुळया किती जाड हव्यात, आत किती सळया घालायच्या, हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. नळांचा नकाशा प्लंबिंगवाल्यांचा, वायरींचा विजेच्या कामवाल्यांचा, लिफ्टचा लिफ्टच्या कंपनीचा. आणि प्रत्यक्ष साईटवर मुकादम, गवंडी, सेंट्रिंगवाले, सळया बांधणारे फिटर. प्रत्येकाच्या हातात आपापला कागद. कागद वेगळे, इमारत मात्र एकच. इथंच सगळी गंमत आहे, आणि सगळा घोळही.

समजा, तुमच्या शाळेची नवी इमारत बांधायची आहे. पाण्याचा पाइप भिंतीतून सरळ वर जातो, असं प्लंबिंगच्या नकाशात दाखवलंय. नेमकी त्याच जागी तुळई आहे, असं इंजिनिअरच्या नकाशात दाखवलंय. दोन्ही नकाशे आपापल्या जागी अगदी बरोबर! पण दोघांनी ते एकमेकांवर ठेवून पाहिलेच नाहीत. मग काय होतं? स्लॅब पडतो, तुळई पक्की होते आणि मग पाइप घेऊन आलेला माणूस डोकं खाजवत उभा राहतो. पाइप वळवायचा तर जागा नाही. तुळई फोडायची तर आतल्या सळया तुटण्याची भीती. आणि सळई तुटली तर तुळईचा जोरच गेला.

वहीत गणित चुकलं तर खोडरबर असतो. काँक्रीटला खोडरबर नाही, बरं का! सिमेंटला पाणी लागलं की घड्याळ सुरू झालं म्हणून समजा. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे साधं सिमेंट पहिल्या ३० मिनिटांत घट्ट होऊ लागता कामा नये आणि १० तासांच्या आत ते पूर्ण घट्ट व्हायलाच हवं. त्यानंतर हळूहळू त्याची ताकद वाढत जाते. ती तपासायला १५ सेंटीमीटर बाजूचे ठोकळे आधीच भरून ठेवतात आणि २८ दिवसांनी ते दाबयंत्रात फोडून बघतात. म्हणजे चूक करायची असेल तर ती काँक्रीट ओतायच्या आधी, कागदावर केलेली बरी.

की कॉम्प्युटरवर?

इथून आपला आजचा विषय सुरू होतो. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुणाने ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. पडद्यावर प्रकाशाच्या पेनाने रेघ मारता येऊ लागली. पुढं १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि इंजिनिअरच्या ऑफिसातलं मोठं ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत गेलं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. तिथं पडद्यावर होती ती रेघच. ही रेघ भिंतीची की गटाराची, ते कॉम्प्युटरला कळत नव्हतं.

चक ईस्टमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७५ साली निराळाच विचार मांडला. रेघा कशाला काढायच्या? कॉम्प्युटरमध्ये सरळ भिंत, खिडकी, तुळई अशा वस्तूच ठेवू या. प्रत्येक वस्तूला स्वतःची माहिती असेल. खिडकीला माहीत असेल की मी दीड मीटर रुंद आहे, लाकडाची आहे आणि अमुक भिंतीत बसले आहे. आता ही खिडकी एका जागी मोठी केली की समोरून दिसणारं चित्र, वरून दिसणारा नकाशा आणि खिडक्यांची यादी, सगळं आपोआप बदलतं. अशा मॉडेलला आज जगभर ‘बिम’ म्हणतात. इमारतीच्या माहितीचं मॉडेल, असा त्याचा सरळ अर्थ.

आता आपला पाइप आणि तुळई या मॉडेलमध्ये टाका. दोघं एकाच जागी आले की कॉम्प्युटर लगेच लाल खूण करून सांगतो, ‘इथं टक्कर आहे.’ सगळ्यांनी एकत्र बसून पाइप हातभर बाजूला सरकवायचा. खर्च किती? चहाचा!

लांबी, रुंदी, उंची या तीन मिती तुम्हाला माहीत आहेत. या मॉडेलला चौथी मिती जोडली ती वेळेची. कुठला खांब कुठल्या आठवड्यात उभा राहणार, ते पडद्यावर सिनेमासारखं बघता येतं. पाचवी मिती पैशांची. आपल्या महाराष्ट्रात नागपूर मेट्रोचं काम करताना महामेट्रोने असं पाच मितींचं मॉडेल वापरलं. याच महामेट्रोने बांधलेल्या पुणे मेट्रोचा पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हा भाग ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. तुमच्यातले कितीतरी जण त्यात बसलेही असतील. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना असं मॉडेल सक्तीचं झालं.

‘मग काय, सगळं कॉम्प्युटरच करणार! आम्ही शिकायचं तरी कशाला?’ असं कुणीतरी म्हणणारच. थांबा. एक छोटं गणित करू या.

वर्गाची खोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद. स्लॅबची जाडी १५ सेंटीमीटर, म्हणजे ०.१५ मीटर. काँक्रीट किती लागेल? ८ × ६ × ०.१५ म्हणजे ७.२ घनमीटर. अशा दहा खोल्यांना ७२ घनमीटर. रस्त्यावर गोल फिरणारा ड्रम घेऊन जाणारी मिक्सर गाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात एका वेळी ६ घनमीटर माल बसतो असं धरलं, तर १२ खेपा. आता कुणी घाईत जाडी १५ ऐवजी साडेबारा लिहिली. मॉडेल लगेच ६० घनमीटर आणि १० खेपा असं उत्तर देईल. हिशेब बिनचूक! फक्त स्लॅब पातळ. साडेबारा सेंटीमीटरचा स्लॅब या खोलीवर चालेल का, वर किती मुलं नाचणार आहेत, खाली तुळई किती अंतरावर आहे, हे ज्याला कळतं त्यालाच ही चूक दिसेल. कॉम्प्युटर आपली चूकही मोठ्या इमानाने जपून ठेवतो. म्हणून तो चालवणाऱ्याला आधी बांधकाम यायला हवं.

हे शिकायचं कुठं? वाट लांब आहे, पण सरळ आहे. बारावी शास्त्र शाखेनंतर सिव्हिल इंजिनिअरिंग किंवा आर्किटेक्चरची पदवी. इंजिनिअरिंगची चार वर्षांची. ज्यांना दहावीनंतरच या वाटेला लागायचंय त्यांनी पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका करावी. तिथून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. पदवीनंतर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. ताथवड्याहून महामार्गाने पुण्याकडे निघालात की थोड्याच अंतरावर बालेवाडी लागते. तिथं निकमार ही संस्था आहे. बांधकामाचं व्यवस्थापन शिकवण्यासाठीच ती १९८३ मध्ये सुरू झाली आणि २०२२ पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे. मुंबईला आयआयटी आणि व्हीजेटीआय, पुण्याला सीओईपी इथंही बांधकाम व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. यातल्या आयआयटीसारख्या ठिकाणी एम.टेक.ला जायचं तर ‘गेट’ ही परीक्षा द्यावी लागते.

सीओईपीचं नाव निघालं म्हणून सांगतो. याच कॉलेजातून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या इंजिनिअर झाले. पुढं १९०३ मध्ये त्यांनी बनवलेले आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याच्या धरणावर बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की दरवाजा स्वतःच उघडायचा. ना वीज, ना कॉम्प्युटर! त्यांच्याकडे होतं ते पाण्याच्या दाबाचं पक्कं ज्ञान. ते आजही पहिल्या बाकावरच बसतं.

पदव्युत्तर वर्गात काय काय येतं? मॉडेल बनवणं हा त्यातला एक भाग. ड्रोनने जमिनीचे फोटो घेऊन चढउतारांचा नकाशा करणं हा दुसरा. लेझरच्या यंत्राने उभ्या इमारतीचे लाखो बिंदू मोजून ती मॉडेलशी जुळते का, ते पाहणं हा तिसरा. काँक्रीटमध्ये छोटे सेन्सर ठेवून त्याचं तापमान बघणं, कामाचं वेळापत्रक आखणं, खर्चाचा अंदाज करणं, करार वाचणं, आणि सर्वांत कठीण म्हणजे दहा वेगवेगळ्या माणसांना एका मॉडेलभोवती बसवून एकमतावर आणणं. मुलींनो, हे काम तुमचंही आहे. साईट म्हणजे फक्त दादा लोकांची जागा, हे आता कुणी सांगायला आलं तर ऐकू नका.

आता थोडं आई-बाबांसाठी. तुमच्या मुलाला किंवा मुलीला यात रस असेल तर नुसत्या सॉफ्टवेअरच्या नावावर भुलू नका. दोन-तीन महिन्यांच्या क्लासात बटणं कुठं आहेत ते कळतं. तेही उपयोगाचं आहे, पण ते पदवीची जागा घेत नाही. दोन वर्षांची फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? विद्यार्थी प्रत्यक्ष साईटवर किती आठवडे जातात? आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांपैकी दोघा-तिघांशी बोलता येईल का? उत्तरं मिळाली तर पुढं जा. टाळाटाळ झाली तर दुसरं दार ठोठवा. आणि हो, आज आठवीत असलेलं मूल या वर्गात पोचेपर्यंत आठ-नऊ वर्षं जातील. तोवर आजची सॉफ्टवेअर जुनी झालेली असतील. भूमिती, पदार्थविज्ञान आणि स्पष्ट मराठी-इंग्रजी लिहिणं मात्र जुनं होणार नाही.

हे सगळं एवढं मनावर का घ्यायचं? कारण बांधकामातली चूक लाल शाईने गोल करून संपत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण पुरं व्हायच्या आतच फुटलं, खालचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांनी पाहिलेलं किंवा ऐकलेलं ते सांगतील. २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यातच कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत पावसात कोसळली. भिंतीखाली बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. १५ जण गेले. त्यात तुमच्याहून लहान मुलंही होती.

मॉडेलमध्ये भिंत असते, तिची उंची असते, किंमत असते. भिंतीच्या पायथ्याशी झोपलेलं कुटुंब मात्र कुणीतरी आठवणीने काढावं लागतं. पावसाचं पाणी भिंतीमागे साचलं तर कुठं जाईल, मजुरांची घरं कुठं असावीत, त्यांची मुलं कुठं खेळतील, हे प्रश्न विचारणारा इंजिनिअर हवा. तो प्रश्न कॉम्प्युटर आपण होऊन विचारणार नाही. उद्या मॉडेलसमोर तुम्ही बसाल तेव्हा तुम्ही विचारा.

चला, आता या रविवारचं काम. कॉम्प्युटर नसला तरी चालेल. टेपने आपली खोली मोजा आणि चौकटीच्या कागदावर १ : ५० या प्रमाणात काढा. म्हणजे ३ मीटरची भिंत कागदावर ६ सेंटीमीटर. दार, खिडकी, दिव्याचं बटण, सगळं दाखवा. मग खोलीचा कोपरा घ्या. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर पेन्सिलीने बारीक खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात आहे. पायथागोरस वहीतून बाहेर आला की नाही? गवंडीदादा आजही असाच काटकोन तपासतात.

शेवटी दोऱ्याला एखादं वजन बांधा, की झाला तुमचा ओळंबा. स्टुलावर चढून तो भिंतीजवळ सोडा, हलायचा थांबू द्या, आणि दोरा व भिंत यांच्यातलं अंतर वर आणि खाली पट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर भिंत सरळ. फरक आला तर तो किती मिलिमीटर, ते नकाशावर त्या भिंतीशेजारी लिहून ठेवा. इमारतीच्या माहितीचं पहिलं पान तुमच्या हाताने लिहून झालं!