नव्याचे नऊ दिवस, आणि दहावा?

जानेवारी उजाडला की आमच्या देवपुरातील वसतिगृहाच्या भिंतींवर वेळापत्रके उगवतात. पहाटे चारला उठणे, रोज दहा तास अभ्यास, चहा बंद, मोबाईल बंद! संक्रांतीचा तिळगूळ संपतो न संपतो तोच त्या कागदांचे कोपरे सुटू लागतात. मग आपण एकमेकांना 'आरंभशूर' म्हणून हसतो आणि गुढीपाडव्याची वाट पाहू लागतो. माझ्या मते दोष इच्छाशक्तीचा नाही. संकल्पाविषयीच्या आपल्या कल्पनेचा आहे.

पूजेतला संकल्प आठवा. यजमान आसनावर बसतो, स्थळ, काळ व आपले नाव उच्चारतो, काय करणार ते सांगतो आणि उदक सोडतो. लगेच पूजा सुरू होते. उदक सोडून यजमान उठून गेला, असे कोणी पाहिले आहे काय? आपण मात्र नेमके तेच करतो!

पांझरेपलीकडे धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. वर्षाचा अखेरचा दिवस! 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे एकूण २२ खंड झाले. त्यांमागे होती गावोगावची पायपीट, जुन्या घरांतील दप्तरे, एकेका कागदाचे वाचन. मराठीतच लिहीन, हा निश्चयही त्यांनी सोडला नाही. ते गेले तेव्हा पुष्कळ काम अपुरे होते. पण कागद होते, टिपणे होती. म्हणूनच १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या पश्चात छापला गेला.

कोणी म्हणेल, राजवाड्यांनी पत्नीच्या निधनानंतर पुन्हा संसार मांडला नाही. त्यांना वेळ होता. साक्री-शिरपूरकडून एस. टी.ने येणाऱ्या आणि घरी परतल्यावर कापूस वेचणाऱ्या मुलीने दहा तास कोठून आणावेत? आक्षेप रास्त आहे. आणि म्हणूनच दुसऱ्याचे वेळापत्रक उतरवून घेऊ नये, असे मी म्हणतो. एस. टी.त जागा मिळाली तर दहा पाने, न मिळाली तर कालच्या पानांची मनातल्या मनात उजळणी. एवढा संकल्प तिला पुरे. त्याला स्थळ आहे, काळ आहे आणि कर्मही आहे.

आपल्यापैकी अनेकजण स्पर्धापरीक्षेला बसतात. घरच्यांचे डोळे निकालाकडे लागलेले असतात. जागा किती निघतील, कधी निघतील, हे आपल्या हाती नाही. आजची दहा पाने आहेत. 'यंदा अधिकारी होईन' हा संकल्प नव्हे, ती इच्छा झाली. इच्छा फसली तर हाती काही उरत नाही. केलेल्या कामाची टिपणे मात्र उरतात, धाकट्या भावंडांच्याही उपयोगी पडतात.

तेव्हा मित्रहो, नव्याचे नऊ दिवस खुशाल म्हणा. दहाव्या दिवशी खंड पडला तर अकराव्या दिवशी पुस्तक उघडा. त्यासाठी पाडव्याचा मुहूर्त लागत नाही.