खोली कोणाच्या नावावर?

वेरूळच्या पाचव्या लेण्यात शिरले की दोन्ही हातांना ओळीने कोठड्या दिसतात. मधल्या लांब दालनात दगडातच कोरलेली दोन बुटकी बाके आहेत. घरदार सोडून आलेल्यांना मिळून राहायचे, तर राहण्याची सोयही अशी नीट आखावी लागते. सहलीला आलेल्या आपण बायका कैलास पाहतो, फोटो काढतो नि परततो. या कोठड्यांपाशी थोडे थांबून विचारायला हवे, की अशा सहजीवनात बाईला खोली मिळायची कशी आणि ती काढून कोण घ्यायचे?

विनयपिटकात यावर बरेच काही सापडते. जागांवरून भिक्षूंमध्ये कुरबुरी झाल्या, तेव्हा ज्येष्ठांचा मान ठेवण्याचा नियम आला. पण शंभर वर्षे दीक्षेत घालवलेल्या भिक्षुणीने आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूलाही वंदन करायचे होते. म्हणजे ज्येष्ठता पुरुषांपुरती!

त्याच ग्रंथात श्रावस्तीची एक कथा आहे. एका उपासकाने भिक्षुणीसंघाला एक कोठार राहायला दिले. तो वारला. वाटणीत ते कोठार त्याच्या अश्रद्ध मुलाकडे गेले आणि त्याने भिक्षुणींना बाहेर पडायला सांगितले. थुल्लनंदा नावाची भिक्षुणी अडून बसली. प्रकरण न्यायाधिकाऱ्यांपुढे गेले आणि निकाल भिक्षुणींच्या बाजूने लागला. मुलाने त्यांना शिव्यागाळ केली, थुल्लनंदाने पुन्हा तक्रार केली, त्याला शिक्षा झाली. लोक कुरकुरू लागले. शेवटी नियम झाला तो भिक्षुणींसाठी: गृहस्थाविरुद्ध दावा लावणारी भिक्षुणी गंभीर अपराधाची धनी. राहती जागा वाचवणारी थुल्लनंदा या ग्रंथात एकंदर भांडखोर म्हणूनच रंगवलेली आहे, यात नवल ते काय?

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. पुदुच्चेरीच्या अरविंद आश्रमात राहणाऱ्या पाच बहिणींनी छळाच्या तक्रारी केल्या होत्या. आश्रमाने त्यांना काढले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्यांना खोल्या सोडाव्या लागल्या. त्यानंतर आईवडिलांसह ते सातजण समुद्रात शिरले. आई आणि दोन बहिणी गेल्या. तक्रारींच्या खरेखोटेपणावर वाद असू शकतो. पण उभी हयात एका ठिकाणी काढलेल्या बाईला तिथून निघाल्यावर जायला जागा नसते, यावर वाद नाही.

घरातल्या बाईसाठी चळवळीने थोडेफार मिळवले आहे. २००३ मध्ये महाराष्ट्रात 'घर दोघांचे' म्हणत ग्रामपंचायतीच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याचा निर्णय झाला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण तो रक्ताच्या, लग्नाच्या, कुटुंबाच्या नात्यावर उभा आहे. आश्रमात, मठात, सेवासंस्थेत वीस वर्षे स्वयंपाक, शुश्रूषा, शिकवणे करणारी बाई यात कुठे बसते? मालमत्ता विश्वस्तांच्या नावे, बाई मात्र 'सेविका'. सेविकेने हक्काची भाषा केली की तिचा त्याग कच्चा ठरतो!

आपल्या संघटनांनी अशा संस्थांकडे मागणी करायला हवी. राहणाऱ्या प्रत्येकीची नोंद आणि राहण्याच्या अटी लेखी असाव्यात. विश्वस्तांत तिथे राहणाऱ्या बायकांच्या प्रतिनिधी असाव्यात. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत कोणाचीही खोली काढून घेऊ नये आणि निघावेच लागले तर पर्यायी निवारा संस्थेने द्यावा. आणि ही यादी आधी आपण आपल्याच आधारगृहांना आणि वसतिगृहांना लावून पाहू. तिथेही कार्यकर्तीच्या मर्जीवर खोली मिळत असेल, तर आपण वेगळे काय केले?

कान्हेरीच्या शिलालेखांत लेणे आणि पाण्याचे टाके दान देणाऱ्या भिक्षुणीची नोंद आहे. तिने दिलेले दगडावर लिहिले गेले. आजच्या बाईचे निदान कागदावर तरी लिहू या. घर सोडणे हा तिचा निर्णय असेल; दाद मागणे सोडायला तिला कोणी सांगू नये.