तूप गप्प का झाले?

मुलांना विज्ञान शिकवावयाचे तर सुसज्ज प्रयोगशाळाच हवी, ही समजूत समाजात पक्की रुजली आहे. आपणा वैद्यांची घरेही तिला अपवाद नाहीत. वस्तुतः रोज दोन वेळा अग्नी पेटणारी प्रयोगशाळा प्रत्येक घरात आहे; ती म्हणजे स्वयंपाकघर.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. मुलांच्या वाट्याला मात्र आपण बहुधा पहिलीच ठेवतो. आमच्या घरी एकदा लोणी कढत असता तडतड थांबली, तेव्हा धाकट्याने विचारले, "तूप गप्प का झाले?" "झाले म्हणून झाले," असे उत्तर आम्ही दिले. विद्यार्थ्यांपुढे स्नेहपाकाची लक्षणे तोंडपाठ म्हणणाऱ्या आम्हांस घरातल्या प्रश्नासाठी सवड नव्हती, याची खंत आजही वाटते.

उत्तर अवघड नव्हते. लोण्यात पाण्याचा अंश असतो. तो उकळून वाफ होतो, त्याची ती तडतड. पाणी संपले की आवाज थांबतो, फेस निवतो, बेरी तांबूस होते. शार्ङ्गधरांनी घृतसिद्धीची खूण म्हणून सांगितलेल्या फेनशांतीचे मर्म हेच आहे. मुलाने आधी लोणी तोलावे, नंतर तूप व बेरी तोलावी आणि आलेली घट कशाची, हे स्वतः ठरवावे. प्रत्यक्षावरून अनुमानाकडे जाण्याचा याहून सोपा पाठ कोणता?

युक्तीचा पाठ विरजणात आहे. एकाच दुधाच्या तीन वाट्या घ्याव्यात: एक उकळती, एक कोमट, एक थंड. तिन्हींत सारखेच विरजण घालावे आणि थंड वाटी शीतकपाटात ठेवावी. सकाळी काय दिसेल, याचा तर्क मुलाने रात्रीच वहीत लिहावा. दही लागते ते कोमट वाटीत. उकळत्या दुधात विरजणातील जिवाणू मरतात, थंडीत ते मंदावतात. दूध, विरजण, ऊब आणि काळ एकत्र आल्याविना कार्य होत नाही, हे मुलाला मग वेगळे सांगावे लागत नाही.

चिक्कीसाठी गुळाचा पाक झाला की नाही, हे गृहिणी पाण्यात थेंब टाकून पाहते. आपण अवलेहाची परीक्षा तशीच करतो. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. आम्ल आणि अल्क यांची ओळख याहून स्वस्त नाही. अर्थात चूल आणि तप्त भांडे मोठ्यांनीच हाताळावे. मुलांनी पाहावे, मोजावे, लिहावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. "हे सर्व आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते," असे म्हणून प्रश्न मिटवण्याचा मोह आपणांस होतो. तो टाळावा. तूप गप्प का झाले हे कळल्याने घृत अमुक व्याधीवर लागू पडते, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी रुग्णांवरील पद्धतशीर अभ्यासच हवा. हा भेद मुलांना आपणच शिकवला पाहिजे. उद्या ती वैद्य होतील, औषधनिर्माते होतील किंवा रुग्ण म्हणून आपल्यासमोर बसतील आणि प्रमाण मागतील. त्या प्रश्नाने आपण रागवावे की सुखावावे, हे आज आपण त्यांना काय उत्तर देतो यावर ठरेल.

औषधशाळांच्या मालकांना आमची विनंती आहे. वर्षातून एखादा रविवार परिसरातील मुलांसाठी राखून ठेवावा. सोळा पट पाणी आटून अष्टमांश काढा कसा उरतो, हे त्यांना मापून पाहू द्यावे. आणि वैद्यबंधुभगिनींनी एवढे तरी करावे: लोणी कढत असेल त्या दिवशी मुलाला हाक मारावी, आणि त्याने विचारण्याआधी आपणच विचारावे, "सांग पाहू, तूप गप्प का झाले?"